केस खरे निघाले

टोपाचा वास ज्यानं घेतला नाही, त्यानं माझ्याशी लावणीवर बोलू नये. टोप म्हणजे जाळीवर शिवलेला खोट्या केसांचा अंबाडा. आमच्या पार्टीत तो एकच होता आणि तो मालकांचा होता. डांबरगोळ्या, डिंक, टेम्पोतलं डिझेल आणि माझ्याआधी तो घालून गेलेल्या कुणाकुणाचा घाम, असा सगळा मिळून एक वास त्याला यायचा. तो डोक्यावर चढवून, नऊवारी नेसून, पायात चाळ बांधून मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या इतक्या मंगल कार्यालयांत बाई होऊन गायलो आहे, की आता फरशी बघून गाव सांगेन. शेवट मात्र सगळीकडे एकच. गाणं संपायच्या आत मालक माईक घेऊन स्टेजवर यायचे, ढोलकी कडाडायची, आणि मालक माझ्या डोक्यावरचा टोप उपटून वर धरायचे.

"बघा माताभगिनींनो, बघा! बाई न्हाय! बाप्या हाय, बाप्या!"

हॉल हसून लोळायचा. जाळीच्या टोपीतलं माझं डोकं सोललेल्या अंड्यासारखं दिसायचं. मग त्याच डोक्यावर फेटा बांधून माझा सत्कार. खाली नऊवारी, नाकात नथ, वर कोल्हापुरी फेटा, हातात नारळ. असे माझे फोटो किती घरांत असतील देव जाणे. बाईचा बाप्या करून झाला की लोकांना फार बरं वाटतं. घरी जाऊन त्यांना शांत झोप लागते.

मी इथला नाही. माझं गाव नेपाळात, डोंगराच्या अशा कडेला की शेजारच्या घरी जायचं तरी चढ नाहीतर उतार. शाळा चौथीत सुटली. गावातल्या एका माणसाच्या मागून कोल्हापूरला आलो ते चायनीजच्या गाड्यावर भांडी घासायला, आणि तिथून एका खानावळीत गेलो. अक्षरं तिकडं आणि इकडं एकच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला सगळ्या पाट्या वाचता यायच्या आणि अर्थ एकीचाही कळायचा नाही. भाषा शिकलो ती खानावळीत कांदा चिरणाऱ्या बायकांकडून. इथल्या बायका स्वतःबद्दलही 'मी आलतो', 'मी गेलतो' असंच बोलतात. त्यामुळे बाई कशी बोलते आणि बाप्या कसा, हे माझ्या कानाला बरेच दिवस कळतच नव्हतं. त्या मला बहादूर म्हणायच्या. सगळ्या नेपाळ्यांचं बारसं या देशानं एकदमच उरकलेलं आहे, त्याला कोण काय करणार. पण त्यातल्या एकीनंही मला 'जेवलास का' असं विचारल्याशिवाय दुपार जाऊ दिली नाही. हे मी विसरलेलो नाही. पुढे ज्यांची हजेरी घेणार आहे त्यांच्यात त्या नाहीत, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमच्या गावी तिहारात, म्हणजे तिकडच्या दिवाळीत, पुरुष बायकांचे कपडे घालून नाचतात. त्याला मारुनी म्हणतात. माझा मामा नाचायचा. मादल, म्हणजे तिकडचा ढोल, वाजायला लागला की मामा कानांत डूल घालून अंगणात उतरायचा, आणि हा काल बाजारात म्हैस विकून आलेला माणूस आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. मामाची ओढणी ओढून 'बघा, बाप्या हाय' असं कुणी ओरडलं नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ओरडून कशाला सांगायची? ही गरज मी पहिल्यांदा इथं पाहिली.

मला गाणं शिकवलं ते बाईंनी. बाई म्हणजे जुन्या तमाशातल्या गायिका. शुक्रवार पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत एकट्या राहायच्या, अजून राहतात. खानावळीतून त्यांचा डबा मी पोचवायचो. एकदा त्यांच्याच दाराबाहेरच्या नळावर डबा विसळताना आमच्याकडचं एक गाणं गुणगुणत होतो. आतून आवाज आला, "कोण गं ती? एवढ्या उन्हात कशाला गातीस?" दार उघडलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. समोर बहादूर, हातात डब्याचं झाकण.

"तूच गाईत हुतास?"

"व्हय."

"आत ये. पाय पूस आदी."

एवढंच. पुढची कितीतरी वर्षं मी तिथं पाय पुसून आत गेलो. त्यांनी मला बैठकीची लावणी शिकवली. ही बसून म्हणायची असते. यात उड्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, फक्त गळा, डोळे आणि हात. नऊवारी नेसायला शिकवली ती खरी, कासोटा घालून. आता बाजारात इलास्टिकची शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी पाय घालून वर ओढायची. लावणीच्या स्पर्धेत पहिला नंबर काढलेल्या पोरी मी ती घालताना पाहिल्या आहेत. असलं काही दिसलं की बाई म्हणायच्या, "चड्डीला जरीचा काठ लावला म्हणून लुगडं व्हत न्हाई."

मग मी मालकांच्या पार्टीत लागलो. मालक म्हणजे दोन स्पीकर, एक टेम्पो आणि एक कोट. कोट लाल मखमलीचा, कोपरावर झिजलेला. निवेदन तेच करायचे. कार्यक्रमाला ते 'शंभर टक्के कौटुंबिक' म्हणायचे. हा शब्द ज्यानं काढला त्याला माझा दंडवत. कौटुंबिक म्हणजे काय, तर पुढारी लोक आपल्या बायकांच्या हळदीकुंकवाला लावणी ठेवतात, पण नाचणारी बाई त्यांना नको असते. बाई आली तर घराण्याची अब्रू जाते. बाप्या साडी नेसून आला तर अब्रू शाबूत राहते. वर महिलांचं मनोरंजन होतं आणि फ्लेक्सवर 'लोककलेचं संवर्धन' असंही छापता येतं. पण त्यासाठी तो बाप्याच आहे हे दिसायला हवं. म्हणून टोप उडवायचा. ही सगळी अब्रू माझ्या टोपाच्या जाळीवर उभी होती.

आणि तो टोप उडायचा तो बरोबर शेवटच्या कडव्याला.

बाईंनी मला दिलेली जी मुख्य लावणी, तिच्यात एक बाई रात्रभर वाट बघते. तो येत नाही. सगळी कडवी वाट बघण्याची, रुसण्याची, दारात जाऊन परत येण्याची. शेवटच्या कडव्यात ती वाट बघणं सोडून देते:

माझ्या हातानं सोडते अंबाडा,
माझ्या हातानं मालवते दिवा,
पहाटवारा आला दारी तर
म्हणीन त्यालाही, उद्याच यावा.

मालकांना यातलं काहीच कळत नव्हतं, पण 'अंबाडा' हा शब्द कळला होता. तो माझ्या तोंडातून पुरा बाहेर पडायच्या आत टोप त्यांच्या हातात असायचा. पुढच्या तीन ओळी मी कुठल्याच स्टेजवर कधी म्हटल्या नव्हत्या. वाट बघून थकलेली ती बाई माझ्या तोंडून एकदाही झोपायला गेली नाही. प्रत्येक गावात तिला मध्येच टक्कल पडायचं.

मी एकदा मालकांना म्हणालो, "शेवटचं कडवं पुरं करू द्या. मग काढा टोप."

"आयला, तू काय मोठा गवई लागून गेलास व्हय रे? लोकं तुझा गळा ऐकाय येत न्हाईत. टोप उडालेला बघाय येत्यात."

हे मात्र खरं होतं. मालक खोटं फार कमी बोलायचे. तेवढी कल्पनाशक्तीच नव्हती त्यांना.

बाईंना हे सांगितल्यावर त्या चिडल्या, पण मालकांवर नाही. "निम्मी लावणी म्हणजे निम्मं लुगडं नेसून गावात हिंडल्यागत हाय. लाज कशी वाटत न्हाई तुला?" आणि थोड्या वेळानं, कपबशी विसळता विसळता, "माझा डावा कान गेला. उजवा बी चाललाय. ते कडवं मला एकदा ढोलकीवर ऐकव. इथं खोलीत नको. लोकांत बसून."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. बाईंचा उजवा कान जायच्या आत ते कडवं लोकांसमोर पुरं करायचं. टोप असेल तोवर मालक तो उपटणार. म्हणून मी केस वाढवले.

हे लिहायला सोपं आहे. गडमुडशिंगीत मी ज्यांच्याकडं खोली घेऊन राहतो ते घरमालक सज्जन लोक. त्यांचं अर्धं बोलणं कानडी. आजीबाईंना मी अव्वा म्हणतो. पण खोली जाईल या भीतीनं मी दोन उन्हाळे त्यांच्यासमोर कानटोपी घालून वावरलो. अव्वा विचारायच्या, "पोरा, डोक्याला काय झालं?" मी म्हणायचो, सर्दी. चैत्र-वैशाखात सर्दी. भीती ही माझ्यासोबत गावाहून आलेली आहे. दाराची कडी मी परत परत बघतो, आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी भाजी आणायला जातानाही घेऊन जातो. पोलिसानं दुसऱ्याला हाक मारली तरी मी थांबतो. अशा माणसानं टोपाच्या खाली चोरून केस वाढवायचे म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. वर घामट टोप, आणि तो उडाला तरी दिसू नयेत म्हणून खालच्या जाळीच्या टोपीत घट्ट दाबून बांधलेले केस. गाताना डोकं असं खाजायचं की विरहाची कडवी आपोआप चांगली व्हायची.

याच काळात पुण्याहून काहीजण कॅमेरा घेऊन आले होते, माझ्यावर काहीतरी करायला. त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतःला नेमकं काय समजता?" मी म्हणालो, गाणारा. त्यांचे चेहरे पडले. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा समजावून. मी पुन्हा तेच सांगितलं. मला साडीत चुलीसमोर बसवून त्यांनी फोटो काढले आणि ते गेले. माझ्याकडं चूल नाही, गॅस आहे. ती शेजाऱ्यांची पाणी तापवायची चूल होती. मालकांना मी बाप्या म्हणून हवा होतो, यांना आणखी काहीतरी म्हणून. गाणं ऐकवू का, असं मी विचारलं तेव्हा त्यांची बॅटरी संपली होती.

केस अंबाडा घालण्याजोगे झाले तेव्हा संक्रांत आली, आणि पेठ वडगावची सुपारी आली. एका भावी नगराध्यक्षांनी महिलांसाठी हळदीकुंकू ठेवलं होतं. भावी म्हणजे काय, हे मला फ्लेक्सवरूनच कळलं. जो अजून काहीच झालेला नाही त्याचा फोटो सर्वांत मोठा. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनीसाहेब म्हणत. वहिनीसाहेबांनी मालकांना फोनवर बजावलं होतं, "नाचणारी बाई बिलकूल आणायची न्हाई हं. सासूबाई पुढं बसणार हायत. तुमचा तो बाप्याच आणा."

सकाळी बाईंनी त्यांच्या खोलीत माझा अंबाडा घातला. त्यांचे हात थरथरतात, पण केसात गेले की थांबतात. खरा गजरा माळला. टोप मी माझ्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवला आणि पेटी व बाईंना घेऊन टेम्पोत बसलो. मालकांनी आरशातून बघितलं. "आज टोप लई झ्याक बसलाय गा."

"मालक, आज टोपाला हात लावू नका. शेवटचं कडवं मी पुरं करणार हाय."

"बघू की," मालक म्हणाले. हे त्यांचं नाही म्हणणं. आमच्या पार्टीचे ढोलकीवाले शेजारी बसले होते, त्यांना सगळे मामा म्हणतात. माझ्या खोलीसाठी हेच जामीन राहिले होते. त्यांनी माझ्या मानेकडं पाहिलं. तिथं टोपाच्या जाळीची कड नव्हती. मग ते ढोलकीची दोरी ताणत बसले.

हॉल भरलेला होता. कार्यक्रम दुपारचा. पुढं सोफ्यावर सासूबाई, वहिनीसाहेब आणि त्यांच्या जावा, मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वडगाव. स्टेजच्या कोपऱ्यात वाणाचे डबे रचलेले, प्रत्येकावर त्या भावी साहेबांचा फोटो. म्हणजे आता डाळ काढतानाही साहेब दिसणार. बाईंना मी स्टेजच्या अगदी कडेला, स्पीकरपासून लांब बसवलं. स्पीकरचा आवाज त्यांना नुसता आदळतो, समजत नाही.

हळदीकुंकवाचं तबक फिरलं. ते घेऊन फिरणारी पोरगी बाईंजवळ आली, त्यांचं कपाळ बघितलं, आणि पुढं गेली. मग कुणीतरी ओरडलं, "अगं त्येला लाव की! त्यो बी सवाष्णच हाय आज!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला हळद लागली, कुंकू लागलं, वर पदरात तिळगूळ. मी बाईंकडं बघेना. बाईच म्हणाल्या, "मला लावाय हात आखडले, तुला लावलं. म्हंजी माझ्यापरीस तू जास्त बाई हायस. खुळ्या बायका."

मी गायलो. कसा गायलो ते मी सांगणं बरोबर नाही. मामांची ढोलकी चांगली होती, माझा गळा मोकळा होता आणि डोकं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खाजत नव्हतं. मागच्या खुर्च्यांवरच्या बायका एकेक करून बोलायच्या थांबल्या. पुढच्या सोफ्यावर मोबाईल चालू होते, पण ते कायमच चालू असतात. सगळी कडवी झाली. शेवटचं आलं. मी हात अंबाड्याकडं नेला, "माझ्या हातानं" म्हणालो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात लाल मखमल दिसली.

"बघा, माताभगिनींनो, बघा!"

मालकांनी अंबाडा धरून हिसका मारला.

मी ओरडलो. डोळ्यांपुढं अंधारी आली. टोप कधी कधी डिंकानं चिकटून राहायचा, म्हणून मालकांनी दुसऱ्यांदा जोर लावला. मी बसल्या जागी गुडघ्यांवर आलो. तिसऱ्यांदा मात्र त्यांच्या हाताला समजलं. माणसाचे केस हातात आले की हाताला समजतं. ते तसेच अंबाडा धरून उभे राहिले, माईक दुसऱ्या हातात, तोंड उघडं.

पहिल्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "अगं बया. खरं हायत."

"काय खरं?"

"क्यास गं! बाईच हाय ही!"

"काय सांगतीस!"

"मगापास्नं म्हणतोय मी, बाप्याचा गळा असला असतोय व्हय?"

आणि मग तो हॉल असा काही भडकला की मला आजही हसू येतं, तेव्हा आलं नाही. फसवलं म्हणून भडकला. बाप्या दाखवतो म्हणून बाई दाखवली! सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आयुष्यात कधी नाचणारी बाई न बघितल्याचा त्यांना केवढा अभिमान असेल, आणि आज ती त्यांच्यासमोर, त्यांच्याच कुंकवासकट. वहिनीसाहेब उभ्या राहिल्या. बाहेर मांडवात पुरुषमंडळींत बसलेल्या साहेबांना बोलावणं गेलं. साहेब आले ते हातरुमालानं मिशी पुसत.

"मालक, ठरलं काय हुतं आपलं?"

"साहेब, बाप्याच हाय त्यो. आईशप्पत."

"मग ह्ये काय?"

"क्यास… क्यास वाढीवल्यात वाटतं त्येनं."

"वाटतं? वाटतं म्हणाय आणलायसा व्हय तुम्हाला? माझी आई बसलीया हितं! उद्या गावात काय तोंड दाखवू मी?"

मालक माझ्याकडं वळले. चेहरा घामानं डबडबलेला. "आरं बोल की! घोगऱ्या आवाजात बोल! सांग ह्यास्नी तू कोण हायस त्ये!"

सगळा हॉल माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मला एक शब्द बोलायचा होता, खालच्या सुरात, आणि सगळं मिटलं असतं. फेटा आला असता, नारळ आला असता, मालकांनी टेम्पोत चार शिव्या देऊन पुढच्या सुपारीला नेलं असतं. प्लास्टिकची पिशवी माझ्या कमरेला होती. तिच्यात नागरिकतेचा कागद होता आणि मी कोण ते त्यावर छापलेलं होतं, यांना वाचता येईल अशा अक्षरांत. तो कागद मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आजवर दाखवत आलो होतो. लॉजवाला, पोलीस, गॅसवाला, सिमकार्डवाला. न विचारणाऱ्यांनाही दाखवला आहे. त्या दिवशी हात पिशवीकडं गेलाच नाही. का, ते मला सांगता येत नाही. बाईंनी उजवा कान माझ्याकडं करून मान वाकडी केली होती आणि त्या तशाच बसून होत्या. त्या भांडणातलं त्यांना अवाक्षर ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. त्या कडव्यासाठी थांबल्या होत्या.

मी मांडी घातली. मामांकडं बघितलं. मामांनी मालकांकडं बघितलं, मग ढोलकीकडं, आणि ठेका दिला.

"माईक बंद करा त्यो!" साहेब म्हणाले. माईक बंद झाला. फार बरं झालं.

मी बिनमाईकचं म्हटलं. 'माझ्या हातानं सोडते अंबाडा.' आणि माझ्या हातानं सोडला. मालकांच्या हिसक्यानं निम्मा सुटलेलाच होता, गजरा मांडीवर पडला, केस पाठीवर आले. दुसरी ओळ म्हटली. सोफा रिकामा झाला होता, सासूबाईंना दोघी धरून नेत होत्या, कुणी मागं वळून बघत होतं, कुणी मोबाईलवर काढत होतं. मागच्या खुर्च्या मात्र हलल्या नव्हत्या. मला क्षणभर भरून आलं. नंतर कळलं, वाणाचे डबे अजून वाटायचे होते. असू दे. डब्यासाठी बसल्या, पण गप्प बसल्या. तिसरी ओळ म्हटली, चौथी म्हटली. ती बाई एकदाची झोपायला गेली. मामांनी शेवटचा ठोका हळूच दिला.

टाळी कुणी वाजवली नाही. बाईंनी मान सरळ केली आणि चपला शोधायला लागल्या.

मालकांनी मला तिथंच काढून टाकलं. "तुझ्यापायी वडगाव बंद झालं मला," म्हणाले, आणि टोप परत मागितला. मी पेटीतून काढून दिला. तो उलटा करून आतून तपासला त्यांनी, मी काहीतरी चोरलं असल्यासारखं. आता त्यांच्याकडं दुसरा मुलगा आहे असं ऐकतो. नाचतो बरा, गात नाही, गाणं मोबाईलवर लावतात. टोप छान उडतो म्हणे. शंभर टक्के कौटुंबिक.

टेम्पोत जागा नव्हती आम्हाला, म्हणून मी आणि बाई एस.टी.नं निघालो. मी तसाच होतो, नऊवारी, कुंकू, मोकळे केस. शेजारची एक बाई सरकून बसली आणि मला म्हणाली, "या, बसा वैनी." बसलो. कंडक्टर आला. बायकांना हाफ तिकीट असतं. त्यानं माझ्याकडं न बघताच मशीनवर बोट ठेवलं. "एक लेडीज हाफ. आजीला फ्रीच हाय. कुठं, कोल्हापूर?"

अख्ख्या हॉलपुढं जे तोंड उघडलं नव्हतं ते इथं आपोआप उघडलं. पुढं चेकर चढेल, दंड होईल, कागद मागतील, परदेशी माणूस म्हणून कुठं कुठं नेतील, हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. मी माझ्या सर्वांत घोगऱ्या आवाजात म्हणालो, "फुल्ल द्या. बाप्या हाय मी."

कंडक्टरनं आता बघितलं. शेजारची बाई उठून पुढं जाऊन उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "बरं की पावणं, फुल्ल घ्या," आणि तिकीट फाडून पुढं गेला. त्याला पुरावा नको होता. त्याला पुढच्या सीटची तिकिटं काढायची होती.

बाई हसायला लागल्या. दात नसलेलं हसू, पदरात तोंड घालून, खांदे हलत. गाडी हायवेला लागेपर्यंत हसत होत्या. मग डोळे पुसले, माझ्या केसांचं टोक हातात घेऊन बघितलं, तिथं मालकांच्या हिसक्यानं गुंता झाला होता, आणि तो बोटांनी सोडवत म्हणाल्या,

"तिसऱ्या वळीत श्वास चोरलास."

त्यांनी ते ऐकलं की माझा गळा बघून ओळखलं, मी विचारलं नाही. म्हणालो, "व्हय. चोरला."

"पुन्हा चोरू नको," बाई म्हणाल्या, आणि गुंता सोडवत राहिल्या.